दोन बटणांचा अँप्लिफायर

सोलापुरात कुणालाही 'मी अँप्लिफायर बनवतो' असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "मिरवणुकीला देता का?" दिलेत बाबा, लई दिलेत. माझ्या मशीनच्या आवाजानं गल्लीतल्या खिडक्यांची तावदानं थरथरली आहेत आणि तेव्हा मला त्याचा अभिमानही वाटायचा. पण चाळिशी ओलांडली आणि एका मिरवणुकीत माझ्याच स्पीकरसमोर उभा असताना वाटलं, पुरे आता. आपण घरात ऐकायचं काहीतरी बनवू. निवांत बसून, चहा पीत, शेजाऱ्याच्या शिव्या न खाता ऐकायचं.

घरचा अँप्लिफायर करायचा तर त्यात डीएसपी पाहिजेच, हे माझ्या डोक्यात बसलं होतं. डीएसपी म्हणजे जादू नव्हे. आत येणाऱ्या आवाजाचे आकडे करायचे, त्या आकड्यांवर एका चिपकडून हिशेब करून घ्यायचा आणि परत आवाज करून स्पीकरला द्यायचा. पूर्वी ज्या कामासाठी मी हातात सोल्डरिंग गन घेऊन कंडेन्सर बदलत बसायचो, ते आता लॅपटॉपवर एक रेघ वर-खाली ओढली की होतं. त्या रेघा ओढायची मला चटक लागली. पहिलं मॉडेल असं केलं, की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. पुढं स्क्रीन, स्क्रीनमध्ये मेनू, मेनूच्या पोटात आणखी मेनू, आणि मोबाइलवरून चालवायचं ॲप वेगळंच.

एका ओळखीच्या टॉवेलवाल्याच्या घरी तो बसवला. आठवड्याच्या आत त्याचा फोन. "मालक, गाणं लागलंय, पण नुसतं घुंघुं करायलंय की ओ. मी कायच केलं न्हाई." कायच केलं न्हाई म्हणजे सगळं केलेलं असतं. मी गेलो, नीट करून आलो. पुन्हा फोन. पुन्हा गेलो. तिसऱ्या खेपेला घरी येऊन चप्पल काढता काढताच मी लोकांच्या अकलेचा उद्धार सुरू केला. माझी बायको शाळेत शिकवते. ती पेपर तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यांना घरात गाणी ऐकायचीत का विमान उडवायचंय?" मला असा राग आला म्हणून सांगू! दोन दिवस मी तिच्याशी धड बोललो नाही. तिचं म्हणणं खरं होतं, म्हणून राग जास्त.

राग उतरल्यावर मी ठरवलं, की हे मशीन आपल्या अप्पांना चालवता आलं पाहिजे. अप्पा म्हणजे माझे वडील. ज्या दिवशी अप्पा कुणालाही हाक न मारता ते लावतील आणि बंद करतील, त्या दिवशी अख्खं सोलापूर ते चालवेल. यात माझा स्वार्थही होता, कारण अप्पांच्या टीव्हीनं घरात आमचं जिणं हराम केलं होतं.

अप्पा मूळचे मंद्रूपचे. पोरसवदा वयात सोलापूरला आले आणि यंत्रमागावर लागले ते हातपाय थकेपर्यंत मागावरच राहिले. आमची अव्वा, म्हणजे माझी आई, त्याच कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला होती. निवृत्तीनंतर अप्पांना एकच नाद उरला, टीव्ही. आणि आवाज असा, की जिन्यात पाऊल ठेवलं की बातम्या कळायच्या. बायकोनं पेपर तपासायला बसावं आणि कानात बोळे घालावेत. अव्वा दुपारी डोक्याला पटका बांधून स्वयंपाकघरात निजायची. आवाज कमी कर म्हटलं की अप्पा म्हणायचे, "कमीच हाय की!" कानाच्या डॉक्टरचं नाव काढलं तर भडकायचे. "मी काय बहिरा हाय? तू बोलतोस ते समदं कळतंय मला." आणि ते खरंच कळायचं. समोर बसून मी हळू बोललो तरी ते बरोबर उत्तर द्यायचे. त्यामुळं आम्ही सगळे एकाच निष्कर्षावर आलो होतो, की म्हातारा हट्टी आहे.

एक मजा होती. दुसऱ्या भाषेतून मराठीत आणलेल्या मालिका लागल्या की अप्पा टीव्हीवर डाफरायचे. "तोंड एक बोलायलंय, आवाज एक यायलाय. समदी खोटारडी माणसं!" आम्ही पोट धरून हसायचो. पाहुण्यांना मुद्दाम बोलावून दाखवायचो. आणि त्यांचा रेडिओ, ज्याच्यावर एके काळी त्यांचा एवढा जीव, की मला त्याला हात लावायची सोय नव्हती, तो त्यांनी कधीच माळ्यावर टाकला होता. का म्हणून विचारलं तर म्हणाले, "त्यात आता काय राहिलं न्हाय." आम्ही तेही हसण्यावारी नेलं.

तर मी मशीन अप्पांच्या कानाला जुळवायला घेतलं. कल्पना चांगली होती. कुठला आवाज किती ऐकू येतो ते मोजायचं आणि जिथं कमी पडतं तिथं चिपला सांगून तेवढाच वाढवायचा. "तुमची परीक्षा न्हाई अप्पा, मशीनची आहे," असं सांगितल्यावर कुठं ते तयार झाले. त्यांना खुर्चीवर बसवलं, कानावर हेडफोन दिला. समोर लॅपटॉप घेऊन मी बसलो. आवाज आला की बोट वर करायचं, बस. मी जाड आवाजापासून सुरुवात केली, भोंग्यासारख्या. बोट वर. मग थोडा बारीक. बोट वर. मग शिट्टीसारखा, मग त्याहून बारीक, डासाच्या गुणगुणण्यासारखा. बोट वर, बोट वर, बोट वर. मधे मधे मी फसवायला नुसताच थांबायचो, तर बोट मांडीवर स्वस्थ. एकदासुद्धा चुकले नाहीत.

स्क्रीनवर रेघ आली ती सरळसोट. मी थक्क झालो. कॉलेजातल्या पोरांचे कान असे नसतात! त्यातल्या वरच्या दोन-तीन शिट्ट्या आधी हेडफोन लावून बघितल्या तेव्हा मला स्वतःलाच नीट ऐकू आल्या नव्हत्या. एक वेडी शंका मनाला शिवूसुद्धा नये? नाही शिवली. मी उलट घरभर नाचलो, "अप्पांचे कान माझ्यापेक्षा तरणे आहेत!" अप्पांनी मिशीवरून हात फिरवला. अव्वा काहीतरी पुटपुटली, पण तिच्याकडं लक्ष कोण देतो.

त्या सरळ रेघेवर मी मशीन बांधलं. कान चांगलेत तर वाढवायचं काही नाही, नुसता आवाज स्वच्छ करायचा. चांगले स्पीकर दिले, टीव्हीला जोडलं आणि आमच्या कानाला तर ते अमृतासारखं लागलं. अप्पांनी ऐकलं, मान डोलावली, "झकास हाय," म्हणाले. आणि मी पाठ फिरवताच बटण पिरगाळून आवाज होता तिथं नेऊन ठेवला. पुन्हा जिन्यात बातम्या.

मी कमी करायचो, ते वाढवायचे. असं काही दिवस चाललं आणि एका संध्याकाळी माझ्या नाकातोंडातून वाफा निघाल्या. मी टीव्हीची वायरच उपसली. "कान चांगले असताना हा तमाशा कशाला अप्पा? तुम्हाला घरातल्यांना छळायचंच आहे का?" बोललो, आणि बोलल्या क्षणी जीभ चावली. अप्पा माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मग शांतपणे म्हणाले, "येत्या बाजारला मी मंद्रूपला जातो. तितं वस्तीवर कुणाला तरास न्हाय." मंद्रूपला काकांची शेती आहे, बाजारच्या दिवशी काका गावात येतात, त्यांच्याबरोबर वस्तीवर जायचं असं त्यांचं ठरलंसुद्धा.

आम्हाला वाटलं, रागात बोलले, निवळेल. पण सकाळी दाराजवळ त्यांची कापडी पिशवी भरून ठेवलेली. धोतरजोडी, पंचा, दाढीचं सामान. अव्वा म्हणाली, "मी न्हाई येत. माझे गुडघे वस्तीवर चालायचे न्हाईत." अप्पा म्हणाले, "नको येऊ." आयुष्यभर एका छपराखाली काम केलेली आणि एका छपराखाली राहिलेली ही दोन माणसं आता या वयात वेगळी राहणार, आणि ती कशामुळं, तर माझ्या जिभेमुळं. दुकानात बसून मी डोकं धरलं. मशीन नीट, कान नीट, मग घोडं अडलंय कुठं?

दुपारी जेवायला घरी आलो तर अप्पा खिडकीशी बसलेले, रस्त्याकडं तोंड करून. मी अव्वाला म्हटलं, "तूच सांग त्यांना. त्या दिवशी मी एवढं मोजलं, एकसुद्धा चूक नाही!"

अव्वा भाकरी थापायची थांबली. "कशी होईल चूक? तू बटण दाबायच्या आधी भुवई वर करत होतास. आणि बारीक आवाजाला ओठ असे मुडपत होतास. ते तुझं तोंड वाचत होते, बाळा."

मी म्हटलं, काहीतरीच काय!

"कारखान्यात कुणी कानानं ऐकतं होय रे? चारी बाजूंनी माग खडखडायलेत, कानाशी येऊन ओरडलं तरी पत्ता लागायचा न्हाई. तितं समदं ओठावर चालायचं. मी कांड्या घेऊन लांबनं जायचे, तितनंच ह्यांच्याशी बोलायचे. आमचं लग्न ठरलं ते काय आवाजानं ठरलं होय?" हे बोलताना ती लाजली, एवढी म्हातारी बाई. मग हात धुऊन म्हणाली, "बघ आता."

ती अप्पांच्या पाठीमागं जाऊन उभी राहिली आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली, "चहा टाकू का?" अप्पा रस्त्याकडं बघत राहिले. पुन्हा म्हणाली. काही नाही. मग ती वळसा घालून त्यांच्यासमोर गेली आणि तिनं नुसते ओठ हलवले. आवाज अजिबात नाही. मला चार हातांवरून काहीएक ऐकू आलं नाही.

"टाक की," अप्पा म्हणाले. "साखर बेताची."

डब केलेल्या मालिका आठवल्या. तोंड एक, आवाज एक. माळ्यावरचा रेडिओ आठवला. रेडिओला तोंड नसतं! इतकी वर्षं अप्पा आमच्याकडं टक लावून बघायचे आणि गल्लीतली पोरं म्हणायची, तुमचे अप्पा लई डोळे वटारतात. डोळे कसले वटारतायत, ते ऐकत होते. आणि मी, आवाजाचा धंदा करणारा शहाणा, त्यांच्यासमोर बसून भुवयांनी त्यांना उत्तरं सांगत होतो. कपाळावर हात मारून घेतला मी. हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं.

आता त्यांना पुन्हा खुर्चीवर बसवायचं कसं? मी जाऊन त्यांच्या समोर, नीट तोंडासमोर बसलो. म्हटलं, "अप्पा, माझं मशीन चुकलं. त्या दिवशी बोललो तेही चुकलं. जायच्या आधी एकदा परत मोजू द्या." त्यांनी बराच वेळ माझं तोंड वाचलं. मग म्हणाले, "मशीन चुकलं असंल तर मोज."

या वेळी मी त्यांची खुर्ची खिडकीकडं वळवली आणि स्वतः पाठीमागं बसलो. भोंगा दिला, बोट वर. त्याहून थोडा बारीक, बोट वर, पण जरा उशिरा. मग शिट्टी दिली. बोट मांडीवर. वाढवली. बोट मांडीवर. आणखी वाढवली, इतकी की हेडफोनमधून गळून ती मला मागं ऐकू येऊ लागली. आणि त्या शिट्टीतच अप्पा रस्त्याकडं बघत वैतागून म्हणाले, "चालू कर की रे. किती वेळ लावायलायस?"

मी उत्तर दिलं नाही. देऊनही उपयोग नव्हता, मी त्यांच्या मागं होतो.

स्क्रीनवरची रेघ अर्ध्यात जाऊन विहिरीत पडावी तशी खाली गेली होती. मागांनी वरचे सगळे आवाज खाऊन टाकले होते. मग मला त्यांच्या टीव्हीचं कोडंही सुटलं. आपण बोलतो त्यात आ, ओ, ऊ हे जाड आवाज, ते अप्पांना चांगले ऐकू येत होते. पण स, श, त, फ हे बारीक, आणि शब्द ओळखू येतो तो त्यांच्यावरनं. अप्पांना माणसं नुसती आ-ओ करताना ऐकू यायची. आवाज वाढवला की काय व्हायचं? मोठ्यानं आ-ओ. बिचारे बटण पिरगाळत राहायचे, शब्द सापडेल म्हणून.

बाजारचा दिवस जवळ आला होता. मी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं आणि कामाला लागलो. स्क्रीन काढून टाकली. मेनू गेले. ॲप गेलं. बायको शाळेतून येताना दुकानात डोकावली, तिला म्हटलं, तूच सांग, काय काय ठेवू? ती म्हणाली, "अप्पांना दोन गोष्टी पाहिजेत. मोठं-बारीक करायचं आणि कळायला लागलं पाहिजे. तेवढंच ठेव." मग फिरवायची दोनच बटणं ठेवली, चांगली मोठी, अप्पांच्या सुताला गाठी मारून मारून जाड झालेल्या बोटांत बसतील अशी. फिरवताना कटकट असा टप्पा लागेल, म्हणजे बघावं लागू नये. एकावर लिहिलं 'आवाज', दुसऱ्यावर 'शब्द'. लाइट गेली आणि परत आली तरी बटण होतं तिथंच, मशीनला काही शिकवायला नको.

सगळी गंमत 'शब्द' या बटणाच्या पोटात होती. ते जसं फिरवाल तसे बारीक आवाज वर यायचे, पण अप्पांच्या रेघेप्रमाणं, जिथं जेवढे कमी तिथं तेवढे. हळू बोललेलं उचललं जायचं आणि अचानक कुणी ओरडलं किंवा मालिकेत ढँण्ण वाजलं तर ते दाबलं जायचं. जे आवाज पार मेले होते ते मी परत आणू शकत नव्हतो, ते माझ्या चिपच्याच काय कुणाच्याच हातात नव्हतं. पण जे अर्धमेले होते त्यांना तरी बोलतं करता येत होतं. पूर्वी ज्या हिशेबासाठी मी वीस मेनू दिले असते, तो सगळा त्या एका बटणामागं लपवला. खोटं कशाला बोलू, मेनू काढताना जीव तुटत होता. एवढं डोकं चालवलेलं आणि कुणाला दिसणार नाही!

बाजारच्या आदल्या दिवशी मशीन घरी आणलं. अप्पा खिडकीशी, पिशवी दाराशी. टीव्ही मी लावलाच नाही. माळ्यावर चढलो, रेडिओ काढला, पुसला आणि त्याची वायर मशीनला जोडली. अप्पा तिरक्या नजरेनं बघत होते. "त्यात काय राहिलं न्हाय," ते म्हणाले.

"मशीनची परीक्षा आहे, अप्पा. तुमची न्हाई." मी त्यांचा हात धरून 'शब्द'वर ठेवला आणि बाजूला झालो.

कुणीतरी बाई बोलत होती रेडिओवर. अप्पांनी एक टप्पा फिरवला. कपाळाला आठी. अजून एक. अजून एक. मग त्यांचा हात थांबला. ते रेडिओकडं बघायला लागले, जसे आमच्या तोंडाकडं बघायचे तसे, पण तिथं बघायला काही नव्हतं. नुसता खोका. तरी ते बघत राहिले. मग त्यांनी डोळे मिटले.

अप्पांसमोर कुणी बोलत असताना त्यांनी डोळे मिटलेले मी जन्मात पाहिले नव्हते. मला वाटलं, यांना पेंग आली, फुकट गेलं सगळं. अव्वा बाहेर आली, तिलाही तेच वाटलं. "झोपले जणू," म्हणत ती पदराला हात पुसत रेडिओ बंद करायला वाकली.

"राहू दे," अप्पा म्हणाले. डोळे मिटलेलेच. "तुरीचा भाव सांगायलेत." आणि जरा थांबून, "अन् ते दुसरं बटण फिरव. बारीक कर थोडं. लई मोठ्यानं लावलाव. कान हायत की मला!"

अव्वानं 'आवाज' बारीक केला. पुढं कानाच्या डॉक्टरांकडंही आम्ही जाऊन आलो, मशीनचे पुढचे नगही निघाले, टॉवेलवाल्यानं जुनं परत देऊन दोन बटणांचं नेलं आणि त्याचे फोन बंद झाले. ते सगळं नंतरचं. त्या वेळी अव्वा रेडिओशी वाकलेली तशीच राहिली. मग तिनं माझ्याकडं तोंड केलं आणि नुसते ओठ हलवले. आवाज अजिबात नाही. त्या घरात अप्पांना न कळता काही बोलता येईल अशी ती पहिलीच वेळ असावी. मला ओठ वाचता येत नाहीत, कधी शिकलोच नाही. तरी पहिल्या झटक्यात कळलं.

"न्हाई जात," ती म्हणाली. आणि दाराजवळची पिशवी उचलून आत घेऊन गेली.